बंदरामागची वाट

आमच्या पुरुषोत्तमनगरात समुद्राचा विषय निघावा असे काही कारण नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी, शहादे तालुक्यात, सातपुडा-तापी परिसर सहकारी साखर कारखान्याभोवती वसलेल्या आणि पुरुषोत्तम तथा पी. के. अण्णा पाटील यांचे नाव धारण करणाऱ्या या वसाहतीत बोलणे निघते ते उसाच्या नोंदीचे, तोडणीच्या टोळ्यांचे, गव्हाणीपुढे रात्रभर ताटकळणाऱ्या गाड्यांचे. आणि हंगामात दारे-खिडक्या लावून बसले तरी मळीचा तो आंबूस-गोड वास घरात येऊन बसतोच, तेव्हा खाऱ्या वाऱ्याची आठवण कोणाला होणार? तरीही गेल्या दिवाळीत पुण्याहून आलेल्या माझ्या भाच्याने जेवणे आटोपल्यावर एक कागद पुढ्यात पसरला आणि परदेशातील समुद्रकाठच्या गावाची निवड हा प्रश्न आमच्या ओसरीवर येऊन ठेपला.

आईवडिलांना घेऊन पंधरा दिवस इटली आणि ग्रीस या दोन देशांत फिरावे, रोम, फ्लॉरेन्स, अथेन्स ही ठिकाणे तर पाहावीतच, पण मधे एखादे समुद्रकाठचे गाव घेऊन दोन दिवस विसावा घ्यावा, असा त्याचा संकल्प होता. कागदावर पाचसहा गावांची नावे होती आणि प्रत्येकापुढे किनाऱ्याची वाळू, खोल्यांचे भाडे आणि गर्दीचे मान यांचे रकाने भरलेले होते. ‘मामा, तुम्ही इतिहासाची एवढी पुस्तके वाचता, तुम्हीच एक नाव सांगा,’ असे तो म्हणाला. मी कागद दोनदा वाचला आणि विचारले, ‘या गावांच्या पाठीमागे काय आहे, तो रकाना कुठे आहे?’ त्यावर तो हसून म्हणाला, ‘मामा, समुद्र पुढे असतो, पाठीमागे कोण बघतो?’ सगळेच हसले, मीही हसलो, आणि विषय तेथेच राहिला. परंतु त्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे होते, आणि ते सांगायचे तर दोन हजार वर्षांचा हिशेब मांडावा लागला असता. तो येथे मांडतो.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोणा ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची एक वहीच लिहून ठेवली आहे, ती ‘पेरिप्लस’ या नावाने प्रसिद्ध आहे. तीत बॅरिगाझा, म्हणजे आपले भडोच, या बंदराविषयी लिहिताना लेखकाची लेखणी भयाने कंप पावते, असे वाचकास वाटल्यावाचून राहत नाही. आखाताचे तोंड अरुंद, पाण्याखाली दडलेल्या वाळूच्या दांड्या, भरती-ओहोटीचा वेग असा की नांगरलेले जहाज उपटून आडवे व्हावे. म्हणून राजाच्या चाकरीतील कोळी मोठ्या होड्या घेऊन पार सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे येत आणि परक्या जहाजांना ओढून, ठरल्या ठिकाणी विसावा देत, भरतीच्या वेळा साधून आत नेत. असे हे बंदर कोणत्याही नावाड्याने टाळावे असेच; आणि तरीही पश्चिम किनाऱ्यावरील सर्व बंदरांत त्याचाच मान मोठा होता. याचे कारण तोच लेखक पुढे सांगून जातो: भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे, तेथून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर, म्हणजे तेर, आहे, आणि या नगरांचा माल, पैठणचे अकीकासारखे दगड आणि तेरची तलम व जाडीभरडी वस्त्रे, गाड्यांत घालून रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला आणला जातो. नाखवा बंदराला शिव्या देत असेल, पण बंदरामागून येणाऱ्या त्या बैलगाड्यांची वाटही तोच पाहत असे.

हाच न्याय पुढे शतकानुशतके चाललेला दिसतो. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात अफनासी निकितिन नावाचा एक रशियन व्यापारी होर्मुझहून एक घोडा जहाजावर चढवून चौलच्या बंदरात उतरला. चौलची शोभा पाहावी हा त्याचा हेतू नव्हता. घोडा विकला जाईल तो घाटावर, बहामनी सुलतानाच्या मुलखात, आणि त्या मुलखात चढणारी वाट चौलच्या पाठीमागून निघते, एवढेच त्याला ठाऊक होते. ती वाट त्याला जुन्नरला घेऊन गेली. तेथे पावसाळ्याने त्याला अडकवून ठेवले, तेथल्या खानाने त्याचा घोडा काही काळ हिसकावून घेतला, आणि बिदर वगैरे पाहून तो शेवटी दाभोळच्या बंदरातून परत निघाला. एका बंदरातून शिरावे, मधली नगरे पाहावी, दुसऱ्या बंदरातून बाहेर पडावे, हा आजच्या प्रवासी कंपन्यांचा शिरस्ता पाचशे वर्षांपूर्वीच्या या घोडेविक्याने आपल्याच मुलखात पाळला होता.

आता आमच्या तापीच्या काठावर येतो, कारण या विषयाचा खरा पुरावा येथेच आहे. पुरुषोत्तमनगरापासून जवळच, तापी आणि गोमाई यांच्या संगमावर प्रकाशे हे क्षेत्र आहे. आमच्याकडे त्याला दक्षिण काशी म्हणतात, आणि 1955 साली बी. के. थापर यांनी तेथील पांढरीच्या टेकाडावर केलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगापासूनच्या वस्तीचे थर उलगडले. हीच तापी पुढे उकाईच्या धरणातून सुटून सुरतेखाली समुद्राला मिळते. नदीच्या मुखाशी सुरत बसली आहे हे खरे, परंतु त्या मुखात गाळाचे आणि वाळूचे इतके बंधारे पडलेले की विलायतेची मोठी जहाजे नगरापर्यंत येऊच शकत नसत. ती उत्तरेकडे सुवाळीच्या उघड्या वाळवंटाशी नांगरून पडत आणि तेथून माल होड्यांनी व गाड्यांनी सुरतेस न्यावा लागे. याच सुवाळीच्या पाण्यात 1612 मध्ये इंग्रज कप्तान टॉमस बेस्ट याने पोर्तुगीज आरमाराशी झुंज दिली, आणि त्या झुंजीनंतर इंग्रजांच्या वखारीस सुरतेत पाय रोवता आला. म्हणजे मोगल साम्राज्याचे सर्वश्रेष्ठ बंदर हे वस्तुतः जहाज न पोहोचणारे बंदर होते!

मग ते श्रेष्ठ कशाने ठरले? आमच्या खानदेशाच्या वाटेने. सुरतेहून आग्र्यास जाण्याचे दोन रस्ते होते. एक अहमदाबादवरून आणि दुसरा बऱ्हाणपुरावरून. हा दुसरा रस्ता बारडोली, वालोड, नवापूर करीत नंदुरबारास येई, आणि पुढे शिंदखेडे, थाळनेर, चोपडे, रावेर ही गावे घेत बऱ्हाणपुरास पोहोचे. तावेर्निए या फ्रेंच जवाहिऱ्याने सतराव्या शतकात या रस्त्याची गावे एकापुढे एक, कोसांच्या अंतरांसह नोंदवून ठेवली आहेत. नावांचे उच्चार त्याच्या जिभेवर इतके मुरडले गेले आहेत की नंदुरबार ओळखायला क्षणभर थांबावे लागते, पण ओळखल्यावर, आपल्याच गावच्या माणसाने परदेशी पोशाख करून यावे तसा आनंद होतो. नवापुराविषयी तो लिहितो की तेथे कोष्ट्यांची वस्ती दाट आहे, परंतु मोठा व्यापार तांदळाचा. आणि तो तांदूळ दाण्याने बारीक, शिजल्यावर बर्फासारखा पांढरा, आणि त्याला कस्तुरीचा वास. जवाहिऱ्याच्या वहीत हिऱ्यांच्या किमतींशेजारी आमच्या पश्चिमपट्टीच्या भाताचा वास नोंदलेला पाहून मला वाटते, त्या प्रवाशाला सुरतेच्या समुद्राने तरी एवढे काही दिले असेल की नाही कोण जाणे.

त्या काळी नंदुरबार हे काही आडगाव नव्हते. अकबराच्या कारकिर्दीत ते माळवा सुभ्यातील एका सरकारचे मुख्य ठाणे होते, आणि ‘आईन-इ-अकबरी’त तेथील द्राक्षांची आणि खरबुजांची वाखाणणी आहे. 1666 च्या सुमारास तेथे इंग्रजांची वखार होती. या वाटेने धान्य, मीठ, कापड, नीळ वाहून नेणारे वंजाऱ्यांचे तांडे चालत. दहाबारा हजार बैल एका तांड्यात पाहून आश्चर्य वाटते, असे तावेर्निएच सांगतो. तांडा रस्त्यावर आला म्हणजे बाकीच्या प्रवाशांनी दोनदोन दिवस बाजूस थांबून राहावे, अशी त्या वाटेची रीत होती. सुरतेचा धनाढ्य व्यापारी वीरजी व्होरा याचे अडते बऱ्हाणपुरापासून पार मोख्यापर्यंत पसरलेले होते. त्याची पेढी समुद्रतीरावर असली तरी तिचा एक पाय सातपुड्याच्या या बाजूस होता.

टॉमस रो हा इंग्लंडच्या राजाचा वकील 1615 च्या पावसाळ्याच्या अखेरीस सुवाळीस उतरला, तेव्हा बंदराच्या अंमलदारांनी त्याच्या अंगाची झडती घेण्याचा आग्रह धरला. राजाचा वकील जकातीच्या नाक्यावर झडती देणार नाही, असे म्हणून तो अडून बसला, आणि या मानापमानात बरेच दिवस गेले. विदेशी पाहुण्याला देशाचे पहिले दर्शन हे असे, किनाऱ्यावर, जकातदाराच्या मुखाने घडते, हा अनुभव आजच्या विमानतळावरही फारसा बदललेला नाही. शेवटी तो निघाला आणि नंदुरबारच्या याच वाटेने नोव्हेंबरात बऱ्हाणपुरास जाऊन शहजादा परवीझ याला भेटला. परंतु या रस्त्याचे दुसरे रूपही विसरता येत नाही. 1630 च्या भयंकर दुष्काळात पीटर मंडी हा इंग्रज सुरतेहून याच वाटेने निघाला, तेव्हा रस्ताभर प्रेते पडलेली होती, आणि नंदुरबारात तंबू ठोकायला मोकळी जागा मिळविणे त्याला कठीण झाले. त्याच सुमारास शहाजहानचा प्रचंड लष्करी तळ बऱ्हाणपुरास होता आणि धान्य तळाकडे वाहत होते. बंदराची भरभराट वाटेवरच्या गावांच्या बळावर चालते, पण दुष्काळात गावे मरतात तेव्हा वाट मात्र चालूच राहते, ही गोष्ट बंदराच्या इतिहासात सहसा लिहिली जात नाही.

याच सुरतेतून उलट्या दिशेने जाणारेही होते. मक्केच्या यात्रेचे द्वार म्हणून सुरतेची ख्याती होती, आणि अकबराची आत्या गुलबदन बेगम जनान्यातील स्त्रियांचा काफिला घेऊन येथूनच 1576 मध्ये समुद्रमार्गे यात्रेस निघाली. त्याआधी पोर्तुगिजांच्या परवान्यासाठी सुरतेत कित्येक महिने मुक्काम पडला. परत येताना एडनजवळ जहाज फुटले आणि त्या बायकांना त्या रुक्ष, उष्ण बंदरात बराच काळ अडकून पडावे लागले. प्रवासात समुद्रकाठचे गाव आपण निवडतो असे आपल्याला वाटते. कधी कधी गाव आपल्याला निवडते, आणि तेव्हा भाड्याचे रकाने काही कामाचे राहत नाहीत.

सुरतेकडे सगळे परदेशी समुद्राकडून पाहत आले. शिवाजी महाराजांनी तिच्याकडे जमिनीकडून पाहिले. 1664 च्या जानेवारीत ते खुष्कीने अकस्मात येऊन थडकले, वीरजी व्होऱ्याची पेढी लुटली गेली, आणि किल्ला व तोफा समुद्राच्या शत्रूकडे तोंड करून बसलेल्या त्या नगराची पाठ किती उघडी आहे, हे चार दिवसांत साऱ्या जगाला कळले. 1670 च्या ऑक्टोबरात ते पुन्हा आले आणि परतताना बागलाणातून जाऊन वणी-दिंडोरीजवळ मोगलांशी लढले. या दोन स्वाऱ्यांनी सुरत बुडाली असे नव्हे. परंतु तिच्या मागची वाट आता मराठ्यांच्या हातात आहे, ही धास्ती सावकारांच्या मनात कायमची घर करून बसली, आणि धास्ती बसलेल्या वाटेवर हुंडी महाग होते.

येथे कोणी म्हणेल, मग मुंबईचे काय? मुंबईचे बंदर तर निसर्गाने दिलेले, खोल, वाऱ्यापासून सुरक्षित. खरे आहे, परंतु पोर्तुगीज राजकन्येच्या विवाहाच्या 1661 च्या तहाने इंग्लंडच्या राजाकडे आलेले हे उत्तम बंदर त्याने 1668 मध्ये सालीना दहा पौंड भाड्यावर ईस्ट इंडिया कंपनीकडे सोपवून टाकले, यावरून त्या काळी त्याची किंमत काय होती ते कळते. कंपनीने 1687 मध्ये आपले मुख्य ठाणे सुरतेहून मुंबईस हलविले, तरी पुढील कित्येक दशके व्यापार सुरतेचा जड राहिला. कारण मुंबईच्या पाठीशी सह्याद्रीची भिंत होती. जयगड आणि विजयदुर्ग यांच्या खाड्या पाहिल्या म्हणजे याच किनाऱ्यावर निसर्गाने किती सुंदर बंदरे निर्माण करून ठेवली आहेत याची कल्पना येते, आणि ती महानगरे का झाली नाहीत याचे कारणही त्यांच्यामागे उभ्या असलेल्या घाटाकडे मान वर करून पाहिले की कळते. मुंबईचे नशीब उघडले ते 1830 मध्ये भोरघाटाचा गाडीरस्ता झाला तेव्हा, आणि 1863 मध्ये भोरघाटातून व 1865 मध्ये थळघाटातून आगगाडी चढली तेव्हा. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या त्या वर्षांत कापसाला सोन्याचा भाव आला, आणि खानदेशाचा कापूस, जो पिढ्यान्‌पिढ्या बैलांच्या पाठीवरून सुरतेकडे उतरत असे, तो भुसावळ-चाळीसगावच्या रुळांवरून मुंबईकडे वळला. खानदेशाने बंदर बदलले, हे त्या अडतकी व्यवहारात कोणाच्या लक्षातही आले नसेल. पण सुरतेच्या धक्क्यावर ते निश्चित जाणवले असेल. पुढे 1900 च्या सुमारास तापीखोऱ्याची रेल्वे नंदुरबारावरून सुरतेस जाऊन पोहोचली, आणि तावेर्निएने कोसांनी मोजलेली जुनी वाट स्थानकांनी मोजली जाऊ लागली. एव्हाना मात्र जहाजे सुरतेहून निघून गेली होती.

आता भाच्याच्या इटलीकडे वळतो. इटलीच्या टाचेजवळ ब्रिंदिसी नावाचे एक बंदर आहे. त्याचे नाव भाच्याच्या कागदावर शेवटच्या ओळीत होते आणि वाळूच्या रकान्यात त्याला गुण फार कमी होते. रोमहून निघणारा आप्पियाचा राजमार्ग, ज्याचा आरंभ इसवी सनापूर्वी 312 मध्ये झाला, तो वाढत वाढत याच गावात येऊन समुद्राला टेकला. बंदराच्या वरच्या पायऱ्यांवर दोन उंच स्तंभ उभे होते. त्यांतील एक 1528 मध्ये कोसळला, दुसरा अद्याप उभा आहे. ग्रीसला जाणारा प्रत्येक रोमन येथे येऊन बोटीत बसे, आणि ग्रीसहून आजारी होऊन परतलेल्या व्हर्जिल कवीने इसवी सनापूर्वी 19 मध्ये याच गावी देह ठेवला.

पुढे शतकानुशतके हे गाव विस्मृतीत गेले, आणि त्याला पुन्हा जाग आली ती आपल्यामुळे. 1869 मध्ये सुवेझचा कालवा उघडला, 1871 मध्ये आल्प्समधील मों-सेनीचा बोगदा आगगाडीस खुला झाला, आणि लंडनहून हिंदुस्थानास येणारी टपाल कॅलेवरून आगगाडीने थेट ब्रिंदिसीस व तेथून बोटीने मुंबईस येऊ लागली. 1914 च्या महायुद्धापर्यंत ही टपाल याच मार्गाने चालली. ज्यूल व्हर्नच्या जगप्रदक्षिणेच्या कादंबरीतील फॉग साहेब ब्रिंदिसीसच बोटीत चढतो, आणि मुंबईहून आगगाडीने निघून आमच्या खानदेशाच्या पिकांतून जातो. त्याचा नोकर तर बऱ्हाणपूरच्या स्थानकावर खोट्या मोत्यांनी मढवलेले जोडे खरेदी करतो. विलायतेला जाणाऱ्या मराठी माणसापुढे त्या पन्नास-साठ वर्षांत हाच प्रश्न असे: बिस्केच्या उपसागरातील ओकाऱ्या सहन करीत बोटीनेच थेट जावे, की मार्सेलिसला वा ब्रिंदिसीला उतरून आगगाडीने पुढे जावे? 1906 मध्ये विलायतेला निघालेले सावरकर मार्सेलिसलाच उतरले, आणि चारच वर्षांनी, 8 जुलै 1910 रोजी, त्याच बंदरात त्यांनी बोटीतून घेतलेल्या उडीमुळे ते नाव मराठी मनात कायमचे कोरले गेले. महात्मा गांधी 1931 मध्ये गोलमेज परिषदेस जाताना मार्सेलिसला उतरले; परतताना स्वित्झर्लंडमध्ये रोमाँ रोलाँ यांना भेटून, रोम पाहून, 14 डिसेंबरला ब्रिंदिसीहून ‘पिल्स्ना’ बोटीत चढले आणि 28 डिसेंबरला मुंबईस पोहोचले. एवढ्या मोठ्या माणसाच्या प्रवासातील बंदरेही वाळूच्या गुणांवर ठरली नव्हती; आगगाडी कोठे येते आणि बोट कोठून सुटते, यावर ठरली होती.

हे सर्व मी भाच्याला पत्राने लिहिणार होतो, आणि लिहिण्यापूर्वीच, संक्रांतीच्या आदल्या दिवशी, त्याचा दूरध्वनी आला. ‘मामा, ब्रिंदिसी ठरले.’ मला वाटले, माझा इतिहास वाऱ्यावरून पोहोचला की काय! मी कारण विचारले, तर तो म्हणाला, ‘रोमहून सरळ आगगाडी आहे, आणि रात्रीची बोट घेतली की सकाळी ग्रीस. बाकी गावे सुंदर आहेत, पण तिथून पुढे जायला दोनदोन गाड्या बदलाव्या लागतात. आईच्या गुडघ्यांना ते झेपणार नाही.’ व्हर्जिलचे नाव त्याला ठाऊक नव्हते, आप्पियाचा मार्गही नव्हता; रोमनांनी, टपालखात्याने आणि गांधीजींनी जे गाव ज्या कारणाने घेतले, तेच गाव त्याच कारणाने त्याने वेळापत्रकातून शोधून काढले होते.

मग बहिणीने दूरध्वनी हातात घेतला. तिचे सारे आयुष्य शहाद्याच्या शिवारात ऊस आणि पपई करण्यात गेलेले. समुद्र तिने एकदाच, सुरतेला नातवाच्या बारशाला गेली तेव्हा, डुमसच्या किनाऱ्यावर पाहिला होता. ‘दादा,’ तिने विचारले, ‘त्या गावाच्या मागं शिवारात काय पिकतं रे?’ मी म्हणालो, ‘जैतुनाची झाडं आहेत म्हणतात, मैलोगणती, आणि द्राक्षं.’ ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, ‘मग बरं आहे. पाणी कशाचं, विहिरीचं की पाटाचं?’ त्याचे उत्तर मात्र माझ्या एकाही पुस्तकात नव्हते.